भयपटाचा खोडवा: लागण ते प्रदर्शन

(बिद्री आणि पंचक्रोशीतील होतकरू निर्मात्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका)

ही मार्गदर्शिका कुणासाठी?

ज्यांच्याकडे एक बरा मोबाइल, दोन रिकामे मेव्हणे आणि दोन-तीन एकर ऊस आहे, अशा बिद्री, बोरवडे, वाळवे, मुदाळ भागातल्या मंडळींसाठी. मेव्हणे नसतील तर भावकीतले चालतील. मोबाइल उसना मिळतो. ऊस मात्र स्वतःचाच हवा. दुसऱ्याच्या उसात रात्री दोन वाजता पांढरी साडी नेसून शिरलेल्या पुरुषाला आपण कलाकार आहोत हे सिद्ध करायला फारसा वेळ मिळत नाही.

भयपटाचा पुढचा भाग म्हणजे खोडवा. हे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. लागणीचा ऊस तुटून कारखान्याला गेला की जमिनीत बुडखे राहतात आणि त्यांनाच पुन्हा फूट येते. बेणं नको, नांगरट नको, सरी नको. खर्च कमी, बहुतेक वेळा उत्पन्नही कमी, पण पीक उभं राहतं. तोही तुटल्यावर पुन्हा राखला तर तो निडवा. सिनेमावाले तिथं थांबत नाहीत, एवढाच फरक.

अमेरिकेतलं उदाहरण घ्या. स्टीफन किंग यांच्या १९७७ सालच्या एका कथेवर १९८४मध्ये ‘चिल्ड्रन ऑफ द कॉर्न’ नावाचा सिनेमा निघाला. नेब्रास्कातल्या एका गावाभोवती मक्याचं रान, त्या रानात काहीतरी राहतं, आणि त्याच्या सांगण्यावरून गावातली पोरं मोठ्या माणसांना संपवतात. एवढ्या एका लागणीवर त्यांनी दहापेक्षा जास्त भाग घेतले. तिसऱ्या भागात तर एक पोरगं मक्याचं बी घेऊन शिकागोला गेलं आणि तिथं एका बंद कारखान्याच्या आवारात त्यानं मका लावला. तिकडच्या लोकांना मक्यात एवढं भूत सापडत असेल, तर आडसाली उसात किती सापडेल याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

पायरी १: पहिला भाग काढू नका

नवशिके इथंच अडकतात. पहिल्या भागाला गोष्ट लागते. सातव्या भागाला फक्त आकडा लागतो. पोस्टरवर ‘भाग ७’ असं वाचलं की बघणाऱ्याला वाटतं, आधीचे सहा आपल्यालाच कसे चुकले? कोल्हापूर जिल्ह्यात कुठल्याही विषयावर ‘मला ठाऊक नाही’ असं म्हणण्याची पद्धत नसल्यामुळे तो शेजाऱ्याला सांगतो, “पाचवा लई भारी हुता.” शेजारी म्हणतो, “चौथ्याची सर न्हाई.” तुमची जाहिरात झाली, पैसा खर्च झाला नाही.

भाग काढायला कारण लागतं का? लागत नाही. ‘हेलरेझर’ या मालिकेचा नववा भाग २०११मध्ये निघाला तो कथेचे हक्क हातातून जाऊ नयेत म्हणून, घाईघाईत उरकलेला. आधीचे आठही भाग ज्या नटानं केले होते, त्या डग ब्रॅडली यांनी हा करायला नकार दिला. मग त्या भुताच्या कपड्यांत दुसरा माणूस उभा केला. कारखान्याला ऊस घातला नाही तर सभासद अक्रियाशील ठरतो, म्हणून कसाबसा का होईना ऊस घालणारे सभासद आपल्याकडे आहेतच. त्यांना हा भाग मनापासून समजेल.

पायरी २: भुताची निवड

आपल्या भागात उपलब्ध असलेले वाण पुढीलप्रमाणे.

मुंजा: पिंपळावर राहतो. रस्ता रुंद होताना पिंपळ गेला असेल तर पात्राच्या निवासाचा प्रश्न येतो.

साती आसरा: पाण्याच्या. विहिरीत सबमर्सिबल सोडल्यापासून त्यांची गैरसोय झाली आहे. शिवाय सात नट्या लागतात. परवडत नाही.

हडळ: उलटी पावलं दाखवावी लागतात. नटाला उलटं चालायला शिकवण्यापेक्षा सुलटं चालवून चित्रण उलटं फिरवा.

चकवा: शिफारस केलेला वाण. चकव्याला चेहरा नाही, मेकअप नाही, मानधन नाही. माणूस उसात शिरतो आणि फिरून त्याच बांधावर येतो. पुरुषभर उंचीच्या वर गेलेल्या उसात हे भुताशिवायही घडतं, त्यामुळे अभिनयाचीही गरज नाही.

वाण कोणताही घ्या, गावात पहिला प्रश्न एकच येणार: “भूत कुणाच्यातलं?” त्याचं घराणं, भावकी आणि मेलं तेव्हा ते कारखान्याच्या निवडणुकीत कुठल्या पॅनेलबरोबर होतं, हे पटकथेत आधीच ठरवून ठेवा. हे ठरलं नसेल तर अर्धं गाव सिनेमा बघणार नाही. ठरलं असेल तर उरलेलं अर्धं बघणार नाही. नुकसान सारखंच आहे, पण निदान वाद तरी नीट होतो.

भुताचा चेहरा एकदा लोकांच्या डोक्यात बसला की तो सोडू नका. रामसे बंधूंनी १९८४च्या ‘पुराना मंदिर’मध्ये सामरी नावाचा राक्षस उभा केला. त्याचं काम करणारे अनिरुद्ध अगरवाल इंजिनीअर. उंची आणि चेहरेपट्टी अशी की मेकअपवाल्याचं निम्मं काम निसर्गानंच केलेलं. पुढच्याच वर्षी तोच माणूस घेऊन ‘सामरी’ आला, तोही थ्रीडीत. मराठीत महेश कोठारे यांनी १९९३मध्ये ‘झपाटलेला’ काढला. रामदास पाध्ये यांनी केलेला बाहुला आणि दिलीप प्रभावळकर यांचा तात्या विंचू. वीस वर्षांनी, २०१३मध्ये, ‘झपाटलेला २’ थ्रीडीत आला तेव्हा सगळ्यांची वयं वाढलेली होती. बाहुल्याचं वाढलं नव्हतं. म्हणून नवशिक्यांनी शक्यतो निर्जीव भूत निवडावं. ते मानधन वाढवून मागत नाही आणि राजकारणात जात नाही.

पायरी ३: जागा आणि वेळ

पुस्तकात लिहिलेलं असतं की भयपट अमावास्येच्या रात्री, निर्मनुष्य रस्त्यावर चित्रित करावा. हे बिद्रीत करू नका. अमावास्येला आदमापूरच्या बाळूमामांच्या दर्शनाला जाणाऱ्यांची इतकी गर्दी असते की मुदाळ तिट्ट्याच्या बाजूला निर्मनुष्य रस्ता मागूनही मिळत नाही. तुमची हडळ रस्त्याच्या कडेला उभी राहिली, तर एखादा भाविक गाडी थांबवून “मावशी, दर्शनाला यायचंय काय?” असं विचारेल आणि बसवून नेईल. निर्जनता हवी असेल तर पौर्णिमेनंतरचा साधा मंगळवार धरा.

गळीत हंगामात आवाजाचं गणित वेगळं असतं. दूधगंगा-वेदगंगा साखर कारखाना, म्हणजे आपला ‘बिद्री’, सुरू झाला की रात्रभर उजेड, ठरल्या वेळी भोंगा, आणि दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर गाणी लावून गारगोटी रस्त्यावर रांगेत. गूढ शांततेचं दृश्य घेताना मागून ट्रॅक्टरवरची लावणी ऐकू येणार. ती काढून टाकता येत नाही. तेव्हा ती कथेत घ्या: भूत येण्याआधी लावणी वाजते. तीन भागांनंतर लोक खरोखरच दचकायला लागतील.

सर्वांत मोठा धोका भुताचा नाही, तोडीचा आहे. सहा महिने तुम्ही उसात झपाटलेलं रान बघत असता. एके सकाळी चिटबॉय येतो, टोळी येते, मुकादम येतो, आणि दुपारपर्यंत तुमचा सेट ट्रॉलीत भरून कारखान्याच्या काट्यावर जातो. तोड पुढं ढकलायला सांगू नका. वडील घराबाहेर काढतील. तोड चुकवलेला ऊस वजनाला घटतो, आणि घटलेल्या वजनापुढे कला टिकत नाही. त्यामुळे शेवटचं दृश्य सर्वांत आधी उरका. नायिका पहिल्या दृश्यात दाट उसातून आणि पुढच्या दृश्यात मोकळ्या रानातून पळत असेल, तर त्याला ‘दुसऱ्या मितीत प्रवेश’ म्हणा.

भीती कुणाला वाटणार, हेही तपासा. शेतीपंपाला रात्रीची लाइट असते तेव्हा इथला माणूस एकटा, बॅटरी घेऊन, उसाला पाणी पाजायला जातो. वाटेत घोणस असू शकते, राधानगरीच्या बाजूनं उतरलेला गवा असू शकतो, कधी बिबट्याचीही बातमी असते. त्याला पांढऱ्या साडीनं घाबरवणं अवघड आहे. एका शेतकऱ्याची प्रतिक्रिया प्रातिनिधिक मानावी: “भूत असंल तर असू दे. मोटर जळली न्हाई म्हंजे मिळवली.” अशा प्रेक्षकासाठी पटकथेत जळलेली मोटर घालाच.

पायरी ४: वेशभूषा

पांढरी साडी, मोकळे केस, अनवाणी पाय ही पारंपरिक शिफारस उसाच्या रानात चालत नाही. पाती अंग कापतात, कूस अंगाला खाज आणते आणि पदर तिसऱ्या पावलाला अडकून फाटतो. पहिल्या दिवशीच्या चित्रणात भूत खाजवताना दिसतं. दुसऱ्या दिवशी येत नाही. आपल्या बायका रानात जाताना साडीवर पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट घालतात आणि डोक्याला टॉवेल गुंडाळतात. हडळीलाही तोच वेश द्या. शहरातल्या प्रेक्षकाला तो विनोदी वाटेल. गावातल्या प्रेक्षकाला मात्र त्या वेशात आपली कुणीतरी दिसेल, आणि मग तो हसायचा थांबेल.

पायरी ५: नांग्या भरणे

खोडव्यात जिथं फूट येत नाही, तिथं नांग्या भराव्या लागतात. पुढच्या भागातही जुने नट उगवून येत नाहीत. कुणाचं लग्न होतं, कुणी पुण्याला कंपनीत लागतो, कुणी ग्रामपंचायतीवर निवडून येतो आणि भूत होणं त्याला शोभत नाही. ‘झपाटलेला’तले लक्ष्मीकांत बेर्डे २००४मध्ये गेले, दुसऱ्या भागाची गोष्ट मग पुढच्या पिढीवर नेली आणि आदिनाथ कोठारे नायक झाले. रीत सोपी आहे: नट गेला की त्याचा मुलगा आणा. मुलगा नसेल तर पुतण्या. आपल्याकडे सहकारातही हीच रीत असल्यामुळे प्रेक्षकाला खुलासा लागत नाही.

नांग्या भरताना नव्या रोपाला कमी लेखू नका. ‘चिल्ड्रन ऑफ द कॉर्न’च्या तिसऱ्या भागात श्रेयनामावलीत नाव नसलेली एक मुलगी होती, चार्लिझ थेरॉन. चौथ्यात नाओमी वॉट्स होत्या. आज तुमच्या उसात खाजवत उभी असलेली पोरगी उद्या कुठं असेल, सांगता येत नाही. तिला वेळेवर जेवण द्या.

जेवणाबद्दल: युनिटला तांबडा-पांढरा एक दिवसाआड द्यावा लागतो. हा खर्च कॅमेऱ्यापेक्षा जास्त येतो. त्यात काटकसर केल्यास भूत संपावर जातं.

पायरी ६: पाचट जाळू नका

कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षं सांगतं आहे की खोडव्यात पाचट जाळू नये, सरीत आच्छादन करावं. सिनेमातही टाकाऊ चित्रण पुसू नका. दाराची करकर, उसाची सळसळ, विजेचा लखलखाट एकदा नीट घेऊन ठेवा. सात भागांना पुरतो. सळसळ विशेष जपा. वाऱ्यावर हलणाऱ्या उसाचा आवाज विकत मिळत नाही आणि त्याच्याइतका भीतिदायक आवाज यंत्रातून काढता येत नाही.

मजूरही घरचेच वापरा. रामसे कुटुंबानं १९७२च्या ‘दो गज जमीन के नीचे’साठी सगळं बिऱ्हाड महाबळेश्वरला नेलं आणि साडेतीन लाखांच्या आसपास खर्चात सिनेमा उरकला. सात भाऊ होते: कुणी लिहिलं, कुणी कॅमेरा धरला, कुणी आवाज, कुणी संकलन, दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांचं. आपल्याकडे सात भाऊ एकत्र काम करतील अशी घरं कमी उरली आहेत. बांधावरून वाद चालू असेल तर आधी मोजणी करून घ्या.

त्याहून स्वस्त पद्धत ओरेन पेली यांची. ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’ त्यांनी स्वतःच्याच घरात, सुमारे पंधरा हजार डॉलरांत केला. झोपण्याच्या खोलीत कॅमेरा लावून ठेवला आणि रात्री काय हलतं ते दाखवलं. या पद्धतीत आपल्याकडे एक अडचण येते. सोप्यात कॅमेरा लावला की रात्री तीन वाजता आजी उठते, लाल दिवा बघते आणि “लाइट कुणी चालू ठिवली?” म्हणून वायर काढून टाकते. तरी तेवढं चित्रण ठेवा. अंधारातून आजी येते तो प्रसंग अनेक मोठ्या सिनेमांपेक्षा प्रभावी ठरला आहे.

साधनं नाहीत म्हणून रडू नका, कारण जिल्ह्याची परंपरा तशी नाही. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२०मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सरकारला तो प्रसंग कापायला लावावा लागला. संगणक नव्हता, वीज जेमतेम होती. इथल्या माणसानं पडद्यावर माणूस मारून लोकांना हादरवण्याला शंभर वर्षं होऊन गेली आहेत.

पायरी ७: परवाने

बैलगाडी दाखवणार असाल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. घुबड वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. त्याला पकडून फांदीवर बसवू नका, ते स्वतः येऊन बसलं तरच उपकार माना. सेन्सॉरचं प्रमाणपत्र आता वयानुसार यूए ७+, १३+, १६+ असं मिळतं. तुमचं भूत ज्या वयाच्या पोरांना हसवतं त्याच्या खालचं प्रमाणपत्र मागा.

सिनेमात भूत दाखवायला कायद्याची आडकाठी नाही. मात्र प्रसिद्धीसाठी खरा मांत्रिक बोलावून कुणाच्या अंगातलं भूत उतरवायचा कार्यक्रम ठेवाल, तर २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो. तो डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर आला आहे. त्यावर विनोद करू नका आणि त्याला वळसाही घालू नका.

नेहमी पडणारे रोग आणि उपाय

प्रेक्षक हसतो: भूत जास्त वेळ दाखवलं आहे. अर्धं करा. तरीही हसला तर भूत काढून टाका आणि ऊस ठेवा.

प्रेक्षक झोपतो: भोंगा वाजवा.

प्रेक्षक “पुढचा भाग कधी?” असं विचारतो: हा प्रश्न निर्मात्याच्या मेव्हण्यानं विचारला असेल तर दुर्लक्ष करा.

प्रेक्षक पैसे परत मागतो: दुसऱ्या हप्त्यात देऊ म्हणा. या भागात या उत्तराची लोकांना सवय आहे.

खोडवा कधी ठेवू नये

शेती खात्याची शिफारस अशी की फेब्रुवारीच्या मध्यानंतर तुटलेल्या, विरळ किंवा रोगट उसाचा खोडवा राखू नये. कारण खोडव्याला नवं बेणं मिळत नाही; तो जुन्या बुडख्याच्या ताकदीवरच फुटतो. इतका वेळ आपण कमी खर्चात पुढचा भाग कसा काढावा हे शिकलो. आता बुडख्याचं बघू.

२०१७मध्ये विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ हा मराठी सिनेमा आला. मोठा खर्च नाही, मोठे स्टार नाहीत, आणि बहुतेक गोष्ट उसाच्या रानात असलेल्या एका घरात घडते. शहरातून आलेली गरोदर बाई पूजा सावंत, घरातली म्हातारी उषा नाईक. भूत आहे, सळसळ आहे, उसात वाट हरवणं आहे. पण मुळाशी आहे ते मुलगी नको असलेलं घर. याच गोष्टीवर फुरियांनीच हिंदीत २०२१मध्ये ‘छोरी’ आणि २०२५मध्ये ‘छोरी २’ केला. लागण मराठीत, पुढची पिकं हिंदीत. ती उगवली, कारण बुडखा जिवंत होता.

तो किती जिवंत आहे हे आपल्याच जिल्ह्याला विचारा. २००१च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८३९. पुढे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात सोनोग्राफी यंत्रांवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ ही नजर ठेवणारी यंत्रणा बसवण्याची वेळ आली. उसाच्या पैशानं घरं पक्की झाली, दारात ट्रॅक्टर आले, आणि त्याच घरांतून मुली कमी झाल्या. ‘लपाछपी’ बघताना इथल्या प्रेक्षकाला भूत कुणाच्यातलं हे विचारावं लागत नाही. म्हणूनच तो हसत नाही.

उसाच्या रानात अशी न विचारलेली भुतं आणखी आहेत. उचल घेऊन बीडकडून आलेल्या टोळ्या पाल ठोकून राहतात, त्यांच्या पोरांची शाळा फडातच बुडते, आणि ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये सरकारला समिती नेमून तपासावा लागला. यातल्या कशालाही मेकअप लागत नाही. रात्रीच्या लाइटीवर पाणी पाजायला गेलेला माणूस सकाळी परत आला नाही, एवढ्या एका वाक्यावर या पंचक्रोशीत आख्खा सिनेमा उभा राहतो.

तेव्हा होतकरू निर्मात्यांना एवढंच सांगणं: सातवा भाग काढण्याआधी आपल्या रानातला बुडखा उकरून बघा. हिरवा असेल तर खोडवा जरूर राखा, पाचट ठेवा, पाणी द्या. वाळला असेल तर आकडे वाढवत बसू नका. नांगर घाला आणि आधी पहिला भाग काढा.